थोरलीचं चौथं मरण

३ फेब्रुवारी

नटवे,

थोरलीला परदेशी पाठवून दोन महिने होत आले. आजारी बहिणीला भेटायला म्हणून गेलेली बाई, तिथेच संसार थाटून बसली की काय? इकडे धाकटी जाऊ कारखान्यात तिच्या खुर्चीवर बसायला लागली आहे, हे तिला कोणी कळवलंय का? तुझ्या त्या लेखकाला विचार आणि मला सविस्तर लिही.

परवा दुकानात एक नवीन गिऱ्हाईक आलं, पडद्यांच्या किनारी दुमडून घ्यायला. भिंतीवरच्या टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली, ही थोरली आहे तरी कोण, सगळी गल्ली तिची वाट बघतेय ती? मी मशीन थांबवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. म्हटलं, बावीस वर्षांपूर्वी ती या घड्याळवाल्यांच्या घरात थोरली सून म्हणून आली ती मुळात मृत्युपत्र चोरायला. आठवडाभराचं काम होतं. चष्मा काढायची, रुमालाने पुसायची, सावकाश परत चढवायची आणि समोरच्याकडे अशी बघायची की तो आपलं बोलणंच विसरायचा. लोकांनी तिला इतक्या शिव्या घातल्या की निर्मात्यांनी खूश होऊन तिला ठेवून घेतलं. मग ती आगीत मेली आणि भाजलेला गाल घेऊन परत आली. (तो डाग एकदा डाव्या गालावरून उजव्या गालावर गेला होता. मी तुला त्याच आठवड्यात लिहिलं होतं, आठवतं का?) मग नदीत वाहून गेली. परत आली ती सगळं विसरून, आणि विसरल्यामुळे स्वभावाने गरीब होऊन. तिसऱ्यांदा विमान पडलं. तेव्हा तर शोकसभा भरली होती आणि ही बाई स्वतःच्याच शोकसभेच्या दारात उभी. आता ती घराचा कणा आहे, तिच्या सहीशिवाय कारखान्यातलं एक घड्याळ बाहेर पडत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, एवढं सगळं एकट्या बाईने सोसायचं? मी म्हटलं, माझी भावजय आहे, तिला झेपतं.

चष्म्याची लकब तू माझ्यावरून उचलली आहेस हे मात्र सांगितलं नाही. अख्ख्या गल्लीला ते पहिल्याच भागात कळलं होतं. त्या गिऱ्हाइकालाही माझ्याकडून एखादं काम उशिरा मिळालं आणि ती तक्रार करायला आली की कळेल.

अजून एक. त्या नवीन वकिलाचं धाकटीशी जमलंय. थोरलीने परत आल्यावर आधी तिकडे लक्ष द्यावं.

आणि फोन करू नकोस. इथली लाईन फार खराब झाली आहे, नुसती खरखर येते. पत्रच बरं.

तुझी खाष्ट नणंद

१४ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

फोनचं तुम्हीच लिहिलंत ते बरं झालं. माझंही तेच आहे, सेटवर फोन बंद ठेवावा लागतो आणि घरी आले की अंग टाकून देते. तुमचे भाऊ असते तर त्यांनी दोघींच्या वतीने तासभर गप्पा मारल्या असत्या. ते गेल्यापासून घरात तसंही बोलणं कमीच झालंय.

थोरली येतेय. पुढच्या महिन्यात येतेय, काळजी करू नका. मला जरा खोकला धरला होता म्हणून सुट्टी घेतली होती, दुसरं काही नाही. लेखक म्हणाले, तोवर परदेशी राहू दे. बाकी खास काही नाही.

वकिलाचं मात्र तुम्ही भलतंच लिहिलंत. अहो, तो तिचा सख्खा भाऊ आहे. लहानपणी जत्रेत हरवलेला. चार दिवस सगळं घर त्याच्याच नावाने रडत होतं आणि तुम्ही त्यांचं जमवून मोकळ्या झालात? हल्ली लक्ष देऊन बघत नाही वाटतं. की दुकानात काम फार आहे? जमत नसेल तर दुकान बंद करून इकडे या, खोली रिकामीच आहे, हे मी शंभरदा सांगितलंय.

तुमची
नटवी

२२ मार्च

नटवे,

काल थोरली आली. अशी आली की माझ्या हातातली कात्री हातातच राहिली. जिन्यावरून उतरलीस, बॅग खाली ठेवलीस, आणि धाकटीला जे सुनावलंस ते काय सुनावलंस. तुझा आवाज म्हणजे आवाज आहे बाई. तोच दमदार, तीन खोल्यांपलीकडे जाणारा. ऐकताना अंगावर काटा आला. खोकला पार गेलेला दिसतो.

बेकरीवाली आणि समोरचे मास्तर मधेच एकमेकांकडे बघून काहीतरी कुजबुजायला लागले. असा राग आला मला. डोळे वटारले तेव्हा गप्प बसले. माणसांना चांगलं काम शांतपणे बघवत नाही.

एकच विचारते. मान अशी अवघडून का धरली होतीस? गळ्याशी टाचण्या लावलेला कपडा अंगावर असला की माणूस धरतो तशी. नवीन दागिना टोचत होता का?

वकील आणि धाकटी सख्खे भाऊबहीण असतील तर मी शिवणकाम सोडून देईन. तो तिच्याकडे भावासारखा बघत नाही, बास.

तुझी
खाष्ट नणंद

२९ मार्च

वन्सं,

तुम्हाला सगळं कळलं होतं तर सरळ लिहायचं होतं. इतकी वर्षं तुमचे टोमणे खाल्ले, बहुतेक वेळा हसूनच खाल्ले, कारण त्यात कधी खोट नसायची. पण हा लागला.

तो आवाज माझा नव्हता हे त्या दिवशी शेंबड्या पोरालाही कळलं. वाहिनीकडे तक्रारींचा ढीग पडलाय. लोक म्हणतात, थोरलीच्या तोंडून हे कोण चिमणीएवढं बोलतंय. एक चोविसाव्या वर्षातली मुलगी मागाहून स्टुडिओत बसून माझी वाक्यं बोलते आणि मी सेटवर नुसते ओठ हलवते. आणि माझी सख्खी नणंद लिहिते, तुझा आवाज म्हणजे आवाज आहे.

डिसेंबरात घशात गाठ निघाली होती. काढली. गाठ साधी होती, पण जाताना आवाज घेऊन गेली. आता फक्त कुजबुज उरली आहे, आणि डॉक्टर म्हणतात तेवढीच राहणार. तुम्हाला सांगितलं नाही कारण तुम्ही दुकान टाकून धावत आला असतात. आता कळलंच आहे, तर कृपा करून कौतुक करू नका.

नटवी

३ एप्रिल

बाळा,

तुझं पत्र वाचून मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि हे लिहायला बसले. टोमणा नव्हता गं तो. मला ऐकू येत नाही.

दीड वर्ष झालं. आधी मशीनचा आवाज कमी झाला, मला वाटलं तेलपाणी चांगलं लागलंय. मग गिऱ्हाइकं पुटपुटायला लागली, मला वाटलं हल्लीच्या पोरींना बोलायची पद्धत नाही. मग एक दिवस बेकरीवाली समोर उभी राहून हातवारे करायला लागली, तेव्हा कळलं की बिघाड माझ्यात आहे. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, ते लावलं की डोक्यात भांडी पडल्यासारखी वाटतात, म्हणून ठेवून दिलं. आता काउंटरवर एक पाटी ठेवली आहे. लोक माप लिहितात, मी शिवते. मशीन बिघडलं तर पायाला कळतं. सगळं छान चाललं आहे.

तुला सांगितलं असतं तर तू मला उचलून तुझ्या त्या रिकाम्या खोलीत नेऊन ठेवलं असतंस, आणि मी तिथे दिवसभर काय केलं असतं? म्हणून लाईन खराब आहे असं लिहिलं. लाईन उत्तम आहे.

मालिका रोज बघते. आवाज बाकीच्यांसाठी असतो, मी नुसतं बघते. तू बोलायला लागलीस की जुना आवाज माझा मीच घालते, बावीस वर्षं ऐकलाय, पाठ आहे. म्हणून तुला तसं लिहिलं. त्या दिवशी सगळ्यांनी दुसरीचा आवाज ऐकला, मी एकटीने तुझाच ऐकला.

गाठ खरंच साधी होती ना? डॉक्टरांचं अक्षर असलेला कागद पाठव. आणि एवढं मोठं दुखणं एकटीने काढलंस, याबद्दल भेटल्यावर बघून घेईन.

तुझी
वन्सं

१२ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा स्वतःची लाज वाटली, आणि तिसऱ्यांदा असं हसू फुटलं की कामवाली धावत आली. बघते तर मी आवाजाशिवाय हसतेय. ती घाबरून पाणी घेऊन आली. एकीला ऐकू येत नाही, दुसरीला बोलता येत नाही, आणि दोघी एकमेकींना लिहितोय की फोन करू नका. तुमचे भाऊ असते तर त्यांनी हे जेवणाच्या टेबलावर वर्षभर पुरवलं असतं.

कागद सोबत पाठवते आहे. गाठ साधीच होती.

आता वाईट बातमी. लेखकांनी काल बोलावून घेतलं. भला माणूस आहे, माझ्याकडे न बघता टेबलाकडे बघत सांगितलं. लोक तो दुसरा आवाज चालवून घेणार नाहीत, म्हणून थोरलीला मारायचं ठरलंय. या वेळी खरोखरचं. इस्पितळात, सगळ्यांच्या समोर, शेवटपर्यंत कॅमेरा तिच्यावर, म्हणजे पुढे कोणाला परत आणताच येऊ नये. जाताजाता धाकटीशी मोठं बोलणं आहे, अडीच पानं. ते ती मुलगी बोलेल. महिनाअखेरीला चित्रीकरण. माझा करारही तिथेच संपतो.

तीनदा मेले तेव्हा मजा वाटायची. घरी बसून लोकांची पत्रं वाचायची, आणि निर्मात्यांचा फोन येईपर्यंत झाडांना पाणी घालायचं. या वेळी फोन येणार नाही हे मला ठाऊक आहे. खरं सांगू? माझं वय झालं, आवाज गेला, नवरा गेला. थोरलीही गेली तर सकाळी उठून तयार कशासाठी व्हायचं तेच मला कळत नाही.

एक गंमत तेवढी सांगते. धाकटी आणि वकील, म्हणजे ती कामं करणारी दोघं, लग्न करताहेत. खऱ्यातलं. कालच सेटवर जाहीर केलं. आम्ही सगळे रोज त्यांच्या शेजारी उभे असतो, एकालाही पत्ता नव्हता.

तुमची
नटवी

१८ एप्रिल

नटवे,

मी सांगितलं होतं. शिवणकाम चालू राहील.

आता माझं ऐक, म्हणजे वाच. तुम्ही सगळे त्या दोघांच्या शेजारी उभे असता आणि कोणाला दिसलं नाही, कारण तुम्ही त्यांची वाक्यं ऐकत होतात. ती दोघं 'दादा' आणि 'ताई' म्हणत होती आणि तुम्ही विश्वास ठेवलात. मला फक्त तो तिच्यासाठी खुर्ची कशी ओढतो ते दिसलं.

तसंच तुझं. दीड वर्ष मी थोरलीचं एक अक्षर ऐकलेलं नाही आणि तिची एकही गोष्ट माझ्याकडून निसटलेली नाही. कारखान्याचा हिशेबनीस चोर आहे हे मला त्याच्या हातून कप घेताना तुझी बोटं थबकली तेव्हाच कळलं, बाकीच्यांना पुढच्या आठवड्यात कळलं. मुलगा घर सोडून गेला त्या दिवशी तू लांबलचक काहीतरी बोललीस म्हणे, मास्तर डोळे पुसत होते. मी बघितलं ते एवढंच, की तो गेल्यावर तू त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केलीस आणि शर्ट कपाटात न ठेवता खुर्चीवरच टाकलास. मला रडायला तेवढं पुरलं. खरं म्हणजे तू बोलायला लागलीस की मला जरा कंटाळाच यायचा. तोंड हलत राहायचं आणि चेहरा तोंडाची वाट बघत थांबायचा. आणि त्या दिवशी तर तू दुसरीच्या बोलण्यासाठी ओठ हलवत होतीस, म्हणून मान अवघडली होती. आता लक्षात आलं.

तुला पहिल्या वर्षी कोणाच्या भाषणाची भीती वाटत नव्हती हे आठवतं का? लग्न होऊन आलीस तेव्हा मी चष्मा पुसला की तू हातातलं काम टाकून सरळ उभी राहायचीस. मी बोलत काही नसे.

मरायचंच असेल तर मर, पण त्या पोरीच्या आवाजात मरू नकोस. ओठ हलवू नकोस. अडीच पानं आहेत ना, ती न बोलता सांग. काय होईल? काढून टाकतील? काढलंच आहे.

वन्सं

५ मे

वन्सं,

सांगते, सगळं नीट सांगते.

गेल्या आठवड्यात मरणाचा सीन झाला. पलंग, पांढरी चादर, नळ्या. धाकटी उशाशी. अडीच पानं मी पाठ केली होती, रोज करते तशीच, एकेक शब्द. दिग्दर्शकाने सुरू म्हटलं आणि मी ओठ मिटून घेतले. धाकटी माझ्या ओठांकडे बघत थांबली, तिला कळेना. मी तिच्याकडे बघितलं. सगळी अडीच पानं तिच्याकडे बघितली. बावीस वर्षांचं भांडण, तिचं पहिलं मूल गेलं ती रात्र, कारखान्याच्या किल्ल्या. मग उशाचा चष्मा मागितला, बोटाने. तिने दिला. मी पुसला. चादरीच्या टोकाने पुसला, कारण रुमाल नव्हता. आणि स्वतः न घालता तिच्या हातात परत दिला. ती पोर रडायला लागली, आणि तिच्या कागदावर रडायचं लिहिलेलं नव्हतं.

दिग्दर्शकाने कट म्हणायला हवं होतं. तो म्हणालाच नाही. दिवेवाले, कॅमेरावाले, सगळे जिथल्या तिथे उभे. शेवटी मीच उठून बसले.

पुढचं ऐका. ती फीत त्या आवाज देणाऱ्या मुलीकडे गेली. तिने दोनदा बघितली, हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाली, "इथे माझ्यासाठी जागाच नाही." निर्मात्यांनी सांगितलं, मनात बोलतेय असं समजून बोल. ती म्हणाली, त्या मनात बोलत नाहीयेत, त्या बोलतच आहेत, तुम्ही बघा तर. स्वतःचं काम स्वतः घालवलंन पोरीने. मी तिला घरी बोलावून जेवायला घातलं, आणि कुजबुजत का होईना, तिची पाठ थोपटली.

मग बैठक. वाहिनीची माणसं म्हणाली, हे चालणार नाही. कारण ऐकाल तर तुम्हाला हसू येईल. म्हणाले, लोक मालिका बघत नाहीत, ऐकतात. हात कामात असतात, कोणी कणीक मळतंय, कोणी इस्त्री करतंय. म्हणून आम्ही एकेक गोष्ट तीनतीनदा बोलून दाखवतो. न बोलणारी थोरली त्यांना दिसणारच नाही. मी कागदावर लिहून पुढे सरकवलं, 'माझी नणंद बहिरी आहे. ती दीड वर्ष रोज बघते आणि तुमच्या आधी सगळं ओळखते.' आणि खाली वकील आणि धाकटीची हकिकत लिहिली. सगळे हसले, लेखक हसले नाहीत. त्यांनी कागद ओढून घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाले, बावीस वर्षं मी या बाईच्या तोंडी शब्द घालतोय, मला कधी वाटलंच नाही की ती माझ्याशिवाय बोलू शकते. आणि वाहिनीवाल्यांना म्हणाले, हात कामात असतील तर थांबतील.

निकाल अजून लागलेला नाही. मेल्याचा सीन दाखवायचा का नाही यावर खल चालू आहे. थोरली सध्या ना जिवंत ना मेलेली. पण वन्सं, मी रोज सकाळी उठून तयार होते आहे.

नटवी

१० जून

नटवे,

महिना झाला, इस्पितळाचं बंद दार बघते आहे. सगळे येतात, दारापाशी रडतात आणि जातात. दार काही उघडत नाही. तू आत आहेस की नाहीस ते तरी कळव. गल्लीत दोन तट पडलेत. मास्तर म्हणतात संपली, बेकरीवाली म्हणते येणार, आणि दोघं मला विचारतात. मी पाटीवर मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

धाकटी कारखाना विकायला निघाली आहे. खरेदी करणाऱ्या माणसाचे बूट फार चकचकीत आहेत. मला तो माणूस आवडलेला नाही.

वन्सं

१३ जून

वन्सं,

सोमवारी बघा. याहून जास्त लिहायची मला बंदी आहे, आणि लिहिलं तर तुमची मजा जाईल. फक्त एवढंच, लेखकांनी माझ्यासाठी अडीच पानं लिहिली आहेत, आणि त्यात अवतरणचिन्ह एकही नाही. बावीस वर्षांत एवढं अवघड पाठांतर केलं नव्हतं.

तुमची
नटवी

१९ जून

नटवे,

काल दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कापडाचे तागे उचलून आतल्या खोलीत टाकले तरी माणसं दारात उभी. मी मुद्दाम शिवायला बसले होते, म्हटलं वाहिनीवाल्यांचं म्हणणं खरं की खोटं ते बघू. एका फ्रॉकची बाही अर्धी लावून झाली होती. बेकरीवाली बेकरी नवऱ्यावर सोपवून आली होती, हातांना पीठ तसंच.

कारखान्यातली ती मोठी खोली. भिंतभर घड्याळं. धाकटी तुझ्या खुर्चीवर, समोर कागद, शेजारी चकचकीत बूट. तिने पेनाचं टोपण काढलं आणि दार उघडलं.

तू काठी न घेता आलीस, ते बरं केलंस. मला वाटलं सरळ खुर्चीकडे जाशील. पण तू भिंतीच्या कडेने निघालीस, एकेका घड्याळाकडे बघत, जशी काही खोलीत दुसरं कोणी नाहीच. एक बंद पडलेलं होतं. तू ते उतरवलंस, किल्ली दिलीस, कानाशी धरलंस, परत टांगलंस. तेवढ्या वेळात त्या माणसाचे बूट दोनदा टेबलाखाली सरकले. मग तू धाकटीसमोर येऊन उभी राहिलीस आणि चष्म्याला हात घातलास.

इथे दुकानात गोंधळ उडाला. मास्तर उठले, त्यांनी रिमोट घेऊन आवाज वाढवला. पार शेवटपर्यंत वाढवला. मग टीव्हीच्या पाठीवर थापट्या मारल्या. कोणीतरी मागच्या वायरी चाचपायला लागलं. सगळे माझ्याकडे वळून एकदम बोलायला लागले, ओठांवरून मला कळलं की माझ्या टीव्हीला नावं ठेवताहेत, आणि त्या गडबडीत पडद्यासमोर तीन माणसं आडवी उभी. मी उभी राहिले. चष्मा काढला, पुसला, घातला आणि सगळ्यांकडे बघितलं. सवयच आहे मला त्याची.

मग मी म्हणाले, "बसा खाली. आवाज बरोबर आहे."

बसले सगळे. मास्तरसुद्धा बसले, रिमोट मांडीवर धरून. आणि नटवे, त्यानंतर त्या खोलीत सगळे माझ्यासारखेच बघत होते. कोणी कोणाला काय म्हणाली ती असं विचारलं नाही. धाकटीने पेनाला टोपण लावलं तेव्हा बेकरीवालीने माझा हात धरला, पिठासकट. धाकटी स्वतःहून उठली. चकचकीत बूट उठले. तू खुर्ची जराशी मागे ओढलीस, नेहमी ओढायचीस तेवढीच, आणि बसलीस.

फ्रॉकची बाही अजून अर्धीच आहे. तुझ्या लेखकाला सांग, हात थांबले. बेकरीत पावाची एक अख्खी खेप करपली असं आज सकाळी कळलं, म्हणजे तिच्या नवऱ्याचेही थांबले. तो म्हणे शेजारच्या दुकानात उभा राहून बघत होता. मास्तर हरले आणि तरी खूश आहेत. ते नवीन गिऱ्हाईक पडदे न्यायला आलं होतं ते शेवटपर्यंत बसलं, आणि जाताना माझ्या चष्म्याकडे बराच वेळ बघत होतं. कळलं तिला.

काल भाऊ असायला हवा होता, एवढं एकच मला वाटलं. तुझी चष्म्याची लकब पहिल्यांदा टीव्हीवर आली तेव्हा तो माझ्यासमोर यायला चार दिवस घाबरला होता.

तुझ्या रिकाम्या खोलीत पुढच्या आठवड्यात येते आहे. राहायला नाही, भेटायला. आल्यावर दोघी समोरासमोर बसू, आणि तू आजारपण लपवलंस त्याचा हिशोब मी न बोलता घेईन. यापुढे मरायचं असेल तर आधी मला कळवत जा.

तू बसल्यावर काय झालं ते लिहायचं राहिलंच. आम्ही टाळ्या वाजवल्या. किती वेळ ते माहीत नाही. बेकरीवालीने मग पाटी ओढून घेतली आणि पिठाच्या बोटांनी खडू धरून लिहिलं, सगळ्यांत मोठ्याने तुमच्याच वाजत होत्या.

तुझी
वन्सं